माती कुणाला दिली

झाकण उचललं आणि थोरला तिथल्या तिथे थिजला. आत बाबा होते.

सकाळी ज्यांना चर्चच्या अख्ख्या मंडळीने रडत रडत माती दिली, ज्यांच्या पेटीला त्याने स्वतः पुढून खांदा दिला, ते बाबा दुपारी शवपेट्यांच्या दुकानामागच्या थंड खोलीत निवांत पडले होते. दाढी घोटून केलेली, केस मागे विंचरलेले, अंगात पांढरा शर्ट. चेहऱ्यावर कसलीही तक्रार नव्हती. थोरल्याने झाकण परत ठेवलं. जरा थांबून पुन्हा उचललं. बाबाच. दुःखात माणसाला भास होतात म्हणे, तसं काही झालं असेल म्हणून त्याने डोळे चोळून आणखी एकदा पाहिलं. आणि मग त्याच्या तोंडून जी हाक निघाली, ती बायकोला नाही की देवाला नाही. दुकानात काही बिघडलं की जन्मभर जी हाक मारायची सवय होती, तीच निघाली.

"बाबा! जरा इकडे या हो!"

हाक मारून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो भुशाच्या पोत्यावर बसला.

हाक ऐकून थोरली आली. थोरली म्हणजे त्याची बायको. पेट्यांच्या आतली अस्तरं तीच शिवायची. तिच्या ओठांत अजून टाचणी होती, कारण दुःखाच्या दिवशीही तिला हात रिकामे ठेवणं जमायचं नाही. "कुणाला हाक मारताय?" तिने टाचणी काढत विचारलं. थोरल्याने नुसतं बोट दाखवलं. ती पुढे झाली, आत डोकावली, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"अगं बाई," ती शेवटी हळूच म्हणाली. "मग सकाळी आपण कुणाला पोचवून आलो?"

"पाहुण्याला," थोरला म्हणाला. "आत्ता त्यालाच पोचवायला निघालो होतो मी."

'पाहुणा' हा या घरातला शब्द. दवाखान्यातून नाहीतर रस्त्यावरून जे कुणाचेच नसलेले लोक इथे यायचे, त्यांना बाकी जग बेवारस म्हणायचं. बाबांनी त्या शब्दाला दुकानात बंदी घातली होती. "आज आपल्याकडे एक पाहुणा आहे," असं ते सांगायचे, आणि मग त्याची अंघोळ, दाढी, स्वच्छ शर्ट, सगळं घरच्या माणसासारखं व्हायचं. शर्ट तर घरचाच असायचा. आईने बाबांचा एक शर्ट काढून दिला नाही असा पाहुणा विरळाच.

पेटी मात्र सगळ्यांना एकच. तीच फळी, तेच पांढरं अस्तर, त्याच सहा कड्या. वर नावाची पाटी नाही, नक्षी नाही, काही नाही. मोठमोठ्या घरचे लोक यायचे, जरा चांगल्यातली दाखवा म्हणायचे, आणि बाबा हात पुसत सांगायचे, "चांगल्यातलीच आहे. देव पाटी वाचून उघडत नाही." माणूस देवाने आपल्या रूपाचा घडवला, त्याला स्वस्तातला आणि महागातला ठरवणारा मी कोण, हे त्यांचं कायमचं म्हणणं. श्रीमंताचं तोंड फुलांत उघडं ठेवायचं आणि गरिबाचं झाकायचं, हेही त्यांना चालायचं नाही. म्हणून चर्चमध्ये नेण्याआधी झाकण लागायचं ते सगळ्यांचं. अशा या माणसाची पेटी चुकणार नाही तर कुणाची चुकणार! त्यांच्याच नियमांनी त्यांना बरोबर गाठलं होतं.

"पण बाबांची पेटी खिडकीकडे होती," थोरला म्हणाला. "काल संध्याकाळी मी स्वतः लावली. पाहुण्याची दाराकडे. मी सकाळी खिडकीकडच्याच पेटीचं झाकण घट्ट केलं. ते उचलून बघितलं नाही एवढंच. मला बघवेना ग पुन्हा."

थोरलीचा चेहरा पडत पडत पार उतरला.

"मी पहाटे फरशी धुतली," ती म्हणाली. "म्हटलं, बाबांची शेवटची सकाळ, खोली कशी लख्ख पाहिजे. पेट्यांसकट दोन्ही गाडे बाहेर काढले."

"आणि आत घेताना?"

"घेतले की आत."

"कुठला कुठे?"

"मला काय ठाऊक! सारख्या तर दिसतात सगळ्या!" आणि ती तोंडाला पदर लावून मोठ्याने रडायला लागली. "काय करून बसले मी हे! सासऱ्याला नीट माती नाही देता आली माझ्याकडून!"

थोरल्याला तिचा राग यायला हवा होता, पण तो येईना. त्याला स्वतःचा येईना, बाबांचाही येईना. डोक्यात नुसता भुसा भरल्यासारखं झालं होतं. तो उठला, झाकण अलगद ठेवलं, आणि ही गोष्ट वर जाऊन कशी सांगायची या विचारात जिन्याची पहिली पायरी चढून तिथेच उभा राहिला.

वरच्या घरात सांत्वनाला आलेले लोक एव्हाना पांगले होते. टेबलाशी चौघं उरली होती. आई. ताई, म्हणजे मधली बहीण, शाळेत शिकवणारी; ती बोलायला लागली की समोर वर्ग बसलाय असं वाटायचं. सगळ्यांत धाकटा भाऊ, जो विम्याच्या कचेरीत लागल्यापासून घरात 'साहेब' झाला होता आणि आजही त्याने टाय काढला नव्हता. आणि चर्चचे नवीन पाळक, वयाने साहेबाहून लहान, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेले.

थोरला वर आला, त्याच्यामागून थोरली दारात येऊन उभी राहिली, आणि त्याने सांगितलं. कसं सांगितलं ते त्याचं त्यालाही नंतर आठवेना. त्याने बहुधा फरशीपासून सुरुवात केली असावी, कारण साहेब मध्येच म्हणाला, "दादा, फरशीचं काय लावलंयस? मुद्द्यावर ये." मग तो मुद्द्यावर आला.

पाळकांनी तोंडापर्यंत नेलेला कप तसाच खाली आणला.

"म्हणजे," पाळक म्हणाले, "सकाळी मी जो उपदेश केला..."

"हो."

"हा माणूस आपल्या पत्नीशी, लेकरांशी एकनिष्ठ राहिला, असं मी म्हणालो."

"राहिलाही असेल," ताई म्हणाली. "आपल्याला काय माहीत?"

"मला सकाळी वाटलंच होतं," साहेब म्हणाला. "खांदा देताना वाटलं, बाबा जरा जडच लागतायत."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू, ताई? सगळी मंडळी मागे गातेय, आणि मी ओरडू, थांबा, वजन चुकतंय म्हणून?"

थोरलीला रडता रडता हसू फुटलं आणि तिने ते पदरात दाबलं. मग ताईलाही आवरेना. मग सगळेच गप्प झाले, कारण आई हसली नव्हती. ती समोरच्या बशीकडे बघत होती.

साहेबाने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, घाबरायचं काही कारण नाही. माती अजून ओली आहे. कबरस्तानात खणणाऱ्या मामांना सांगायचं, संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत तो माणूस बाहेर काढायचा. त्याच्यासाठी भिंतीकडच्या रांगेत खड्डा तयारच आहे, तिथे त्याला ठेवायचं. बाबांना त्यांच्या जागी. संपला विषय. कुणाला कळायचंही नाही."

"तो माणूस," ताई म्हणाली. "बाबांनी ऐकलं असतं तर?"

"बरं, तो पाहुणा! शब्दाने काय फरक पडतो?"

"बाबांना पडायचा. त्यांच्या दुकानातून गेलेला माणूस त्यांचीच पोरं उकरून काढणार? आयुष्यभर त्यांनी काय सांगितलं आपल्याला? आणि आज त्यांच्याच दिवशी आपण म्हणायचं की नाही हं, हा आपला आणि तो परका?"

"पण तो परका आहेच की!"

"तुझ्यासाठी असेल!"

"अरे वा! तू काय रोज त्याच्याबरोबर जेवायला बसायचीस?"

दोघांचं हे लहानपणापासून असंच. एकाने पूर्व म्हटली की दुसऱ्याने पश्चिम म्हणायची. फरक इतकाच की तेव्हा मध्ये बाबा असायचे. त्यांनी "पुरे" म्हटलं की पुरे व्हायचं. आता दोघंही बोलता बोलता थांबली आणि थोरल्याकडे बघायला लागली. थोरल्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही सांगा. शास्त्र काय म्हणतं?"

पाळकांनी कप खाली ठेवला. "मी मघापासून तेच आठवतोय. परक्याला घरात घ्या, त्याला आपल्या माणसासारखं वागवा, हे आहेच. आणि आईबापांचा मान राखा, हेही आहे."

"मग?"

"मग दोन्ही बाजूंनी उत्तर सापडतं. तोच तर घोळ आहे." त्यांनी प्रामाणिकपणे मान हलवली. "आणि एक अडचण. मातीतून काढायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते. डॉक्टर येतात, पोलीस येतो. आपलं आपण खोदलं तर तो गुन्हा होतो."

पोलिसाचं नाव निघताच साहेबाचं वारं फिरलं. "पोलीस? म्हणजे हे बाहेर फुटणार? पेट्या बनवणाऱ्यांनी स्वतःचाच बाप हरवला म्हणून लोक हसणार आपल्याला! दादा, दुकानात पुन्हा कुणी पाऊल टाकेल का?" त्याने क्षणभर विचार केला. "मग राहू दे. ताई म्हणते ते बरोबर आहे. राहू दे त्याला तिथेच. बाबांना गुपचूप भिंतीकडे ठेवू. कुठल्या पेटीत कोण आहे हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"गुपचूप?" ताई उसळली. "बाबांना चोरून पुरायचं?"

"तूच तर म्हणालीस!"

"मी असं म्हणाले नव्हते!"

थोरल्याचं डोकं गरगरायला लागलं. मघाशी जे त्याला चुकीचं वाटत होतं ते आता साहेब सोडून देत होता, आणि जे बरोबर वाटत होतं तेच साहेबाच्या तोंडून ऐकताना खोटं वाटत होतं. एकच गोष्ट चांगल्या कारणाने केली तर चांगली आणि भित्र्या कारणाने केली तर वाईट, असं असतं का? बाबांना विचारायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि बाबा खाली होते.

"झालं का तुमचं?" आई म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता, पण सगळे खुर्चीत नीट बसले.

"सगळे सारखे, सगळे सारखे," आई म्हणाली. "हे ऐकत मी म्हातारी झाले. आमच्या लग्नाच्या दिवशी, चर्चमधून निघालो ते हा माणूस आधी दुकानात. का? तर पाहुणा आलाय. मी वधूच्या पोशाखात त्या भुशात उभी. त्याचं झाल्यावर माझं. मी काही बोलले नाही. मी दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बाई होती, कोण कुठली. मला जितकी संत्री आणायचे, तितकीच तिला. मोजून! मला एक जास्त आणलं असतं तर देव रागावला असता का?"

"आई," ताईने तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. मला बोलू दे. त्यांच्यासमोर बोलता आलं नाही, चांगल्या माणसाशी भांडताच येत नाही. भांडणारीच वाईट ठरते." तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "एकच गोष्ट त्यांनी माझ्यासाठी वेगळी केली. आपली छोटी गेली तेव्हा."

छोटी म्हणजे ताईच्या पाठची. साहेबाने तिला पाहिलंच नव्हतं. थोरल्याला तिची एवढीच आठवण होती की ती दिव्याशिवाय झोपायची नाही.

"मी तिला तिथे सोडून घरी यायला तयार नव्हते. तेव्हा ते म्हणाले, तिच्या शेजारच्या दोन जागा आपल्या. आधी माझी, तिच्याजवळ, मग तुझी. तिला फार दिवस एकटं ठेवायचं नाही. एवढं एकदाच त्यांनी आपलं-परकं केलं हो! एकदाच! आणि आता तुम्ही मला सांगता की तीही जागा पाहुण्याला? माझ्या लेकीच्या कुशीत कोण हा? आणि उद्या मी गेले की मला कुणाच्या शेजारी निजवणार?"

ताई थोरल्याकडे वळली. "दादा," ती म्हणाली, "काढूया त्यांना. रीतसर परवानगी घेऊ, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. आईने आजवर काही मागितलं का?"

आता ताई काढायच्या बाजूने आणि साहेब ठेवायच्या बाजूने. पाळकांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"वहिनी, तू बोल ना काहीतरी," साहेब म्हणाला.

थोरली अजून दारातच उभी होती. चूक आपली, तेव्हा बसायचाही हक्क नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. "मी काय बोलणार?" ती म्हणाली. "चूक माझी. आई म्हणतील तसं. मी हातांनी खणायला तयार आहे." मग ती जरा घुटमळली. "फक्त मला एक समजत नाही. त्यांना काढायचं तर त्यांना सांगायचं काय? मनातल्या मनात तरी काहीतरी म्हणावं लागेल ना? की तुम्ही चुकून चांगल्या जागी बसलात, आता उठा? असं कुणी मला भरल्या घरात म्हटलं असतं ना, तर मी पुन्हा मान वर केली नसती."

आई तिच्याकडे बघत राहिली. रागाने की कशाने, ते थोरल्याला कळलं नाही.

"आपण आधी निघू," आई म्हणाली. "दिवस बुडेल. यांना असं खाली एकटं किती वेळ ठेवणार? काय करायचं ते तिथे जाऊन ठरवा."

"कोण ठरवणार?" साहेबाने विचारलं.

"दुकान कोण चालवणार आता?" आई उठली. "तोच ठरवेल."

दुकानाच्या जुन्या गाडीतून बाबांना नेलं. या वेळी झाकण लावण्याआधी सगळ्यांनी आत पाहिलं. साहेबाने तर दोनदा पाहिलं आणि कुणी त्याला हसलं नाही. थोरला गाडी चालवत होता आणि शेजारी आई बसली होती, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. रस्ता रोजचाच होता. औषधाचं दुकान, शाळेची भिंत, चाकं दुरुस्त करणाऱ्याची टपरी. सकाळी याच रस्त्याने जाताना दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले होते. आता कुणी मान वर करून बघत नव्हतं.

थोरल्याला सकाळ आठवत होती. दफनाच्या आधी सगळे बाजूला झाले होते, आणि तो वाकून पेटीवर गाल टेकवून कुजबुजला होता, "बाबा, मला जमेल ना हो?" ऐकलं कुणी? त्या दुसऱ्या माणसाने. त्याला कुणी सबंध आयुष्यात असं काही विचारलं असेल का? काल थोरल्यानेच त्याची दाढी केली होती. हनुवटीखाली एक जुना व्रण होता, तिथे वस्तरा जपून फिरवावा लागला. हात राबणाऱ्याचे होते. बसथांब्याच्या बाकावर सापडला, एवढंच दवाखान्यातले बोलले. तो माणूस वाईट असता, दारुडा असता, तर सोपं गेलं असतं का? आणि चांगला असता तर? थोरल्याला काही कळेना. त्याला फक्त त्याची हनुवटी आठवत होती, आणि त्याच वेळी छोटीही आठवत होती.

कबरस्तानात मामा फावडं घेऊन उभेच होते. कबरी खोदणारे, म्हणून कुणी त्यांना नावाने हाक मारायचं नाही. मामा हे नाव बाबांनीच ठेवलेलं. साहेबाने फोनवर त्यांना निम्मंच सांगितलं होतं.

"काय चाललंय काय तुमचं?" मामा कुरकुरले. "सकाळी भरायचं, संध्याकाळी उपसायचं? माझी पाठ काय तुमच्या दुकानातली फळी आहे?"

सकाळच्या मातीवर फुलांचा हा ढीग पडला होता. शेजारी छोटीची कबर, गुडघ्याएवढ्या दगडाची. तिच्या आणि या नव्या मातीच्या मध्ये एक पाऊल मावेल इतकंच अंतर होतं.

"बोला, खणू?" मामा म्हणाले. "खणतो, पण आधीच सांगतो. माती ओली आहे. दोर घालून ओढताना तुमची फळी टिकेलच असं नाही. आणि वर काढलं की ह्यांना तिकडे भिंतीपर्यंत उचलणार कोण? सकाळी मंडळी होती."

साहेबाने थोरल्याकडे पाहिलं. ताईने पाहिलं. पाळकांनी टोपी काढून हातात धरली आणि डोळे मिटून घेतले, जणू बघितलंच नाही तर कुणाची बाजू घ्यावी लागणार नाही. आई गाडीला टेकून उभी होती.

थोरल्याने तोंड उघडलं. 'खणा' एवढं म्हणायचं होतं. आईसाठी म्हणायचं होतं. ती खरंच कधी काही मागत नसे, आणि हा तिचा हक्क होता, कुणी तो नाकारू शकत नव्हतं. तो म्हणायला गेला आणि डोळ्यांसमोर दोर आला, ओली फळी तडकताना आली, आणि ती हनुवटी. उठा म्हणायचं? तुमची जागा तिकडे?

"राहू द्या, मामा," तो म्हणाला.

स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. मग तो आईकडे गेला.

"आई, मी नाही काढत त्यांना. परवानगी मिळाली तरी नाही काढणार. बाबांना भिंतीकडे ठेवतो. उद्या मंडळीत उभा राहून सगळ्यांना सांगतो, लपवणार नाही." त्याने तिचा हात धरला. "तुझं ऐकलं नाही मी. हे बरोबर आहे का ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही ग."

"तुला कधी काय माहीत असतं!" आई म्हणाली. तिने त्याचा हात बाजूला केला आणि भिंतीच्या दिशेने चालायला लागली.

उचलायला माणसं कमी होती. थोरला, साहेब, मामा, पाळक, आणि मागून ताई आणि थोरली. बायका कशाला, असं साहेब म्हणायला गेला आणि ताईच्या नजरेने गप्प बसला. पेटी भिंतीकडच्या रांगेत नेली, जिथे बाबांनी स्वतःच्या हातांनी कितीतरी पाहुणे ठेवले होते. तिथे दगड नव्हते, नुसते उंचवटे. पाळकांनी या वेळी उपदेश केला नाही. "सकाळी जे बोललो ते सगळं आहेच," ते म्हणाले, "दोघांनाही." मग त्यांनी लहानशी प्रार्थना केली. गाणं ताईने सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला कुणाचाच आवाज निघेना, म्हणून मामांनी ते बेसूर का होईना पुरं केलं.

आईने मूठभर माती घेतली. टाकण्याआधी ती थांबली. "झालं ना मनासारखं?" ती खाली बघून म्हणाली. "बसा आता रांगेत." आणि माती टाकली. मग मामांना विचारलं, "यांच्या लगत जागा आहे का हो रिकामी?"

"आहे की."

"मग ती कुणाला देऊ नका. ती माझी."

थोरला पुढे झाला. "आई..."

"तू गप्प बस. तुझ्यावर माझा राग आहे आणि तो राहणार आहे." असं म्हणून तिने त्याचाच दंड धरला, कारण जमीन उंचसखल होती आणि अंधारून यायला लागलं होतं. त्याला वाटलं, गाडीकडे निघाली. पण ती वळली ती सकाळच्या फुलांकडे. तो तिच्याबरोबर चालत राहिला, काही न कळता, जणू आधार तिला नाही, त्यालाच हवा होता.

फुलांपाशी येऊन तिने त्याचा दंड सोडला. छोटीच्या दगडावरून हात फिरवला. मग पदर सारखा केला, घरी आलेल्या परक्या माणसासमोर करायची तसा, आणि त्या नव्या मातीकडे वळून वाकली.

"अहो भाऊ," ती म्हणाली. "तुमचं नाव काही मला ठाऊक नाही. इथे तुमच्या शेजारी माझी लेक आहे. लहान आहे हो. अंधाराला भिते. जरा लक्ष असू द्या."